सत्कारातली ओटी

कुणी माझ्याबद्दल चांगलं बोललं की मला आनंदाच्या आधी शंका येते. बोलणाऱ्याचा चेहरा मी नंतर आठवतो, त्याचं कारण आधी शोधू लागतो. हा स्वभाव मला कुठून मिळाला, ठाऊक नाही. वडील, अभिमन, सरळ मनाचे होते. बाजारात समोरच्याने सांगितलेला भाव त्यांना नेहमी खराच वाटायचा. कदाचित त्यांच्या वाट्याचा संशयही माझ्याकडेच आला असावा.

त्या डिसेंबरात जळगावच्या आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाचं पत्र आलं. आपापल्या क्षेत्रात नाव कमावलेल्या चार जणांचा जानेवारीत सत्कार होणार होता. पुण्यात हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारे एक डॉक्टर, वरणगाव फॅक्टरीतले एक वरिष्ठ अभियंता, निवृत्तीला आलेले एक न्यायाधीश, आणि मी. सुकदेव अभिमन पाटील, भूवैज्ञानिक, धुळे. ते नाव मी दुसऱ्याच कुणाचं असावं तसं वाचलं. भूजलाचं काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयात मी सर्वांत धाकटा अधिकारी होतो. ज्या गावांत मी विहिरीची जागा दाखवली त्यांतल्या काहींना पाणी लागलं, काहींना लागलं नाही. लागलं त्याचं श्रेय जमिनीचं होतं.

शंकेचं उत्तर आमच्या जीपचा ड्रायव्हर भटू याने दिलं. संघाचे अध्यक्ष केवलचंदशेठ म्हणजे आमच्याकडे बोरसाठी अर्ज केलेल्या प्रकाशचंदशेठचे सख्खे थोरले भाऊ, हे मला ठाऊक नव्हतं. भटूला ठाऊक होतं. सगळ्या रस्त्यांची आणि सगळ्या नात्यांची माहिती त्याच्याकडे असे. जीपची काच पुसता पुसता तो म्हणाला, "साहेब, डाक्टरले शाल, जज्जले शाल, ते समजनं. तुमले कसानी? अजून बोर तं पास करा नही तुम्ही."

तो हसला. मीही हसलो.

प्रकाशचंदशेठचा अर्ज तेव्हा माझ्याच टेबलावर होता. शिंदखेड्याच्या बाजूला खैरपाडे नावाचं लहान गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला, माळावर, त्यांना पुठ्ठ्याचा कारखाना काढायचा होता. पुठ्ठ्याला पाणी फार लागतं, म्हणून तीन खोल कूपनलिकांची परवानगी त्यांनी मागितली होती. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ दुसरी विहीर खणू नये असा कायदा नुकताच झाला होता. माळावरची जागा त्या कायद्याने सांगितलेल्या अंतराच्या बाहेर होती. कागदोपत्री अडचण अशी कुठेच नव्हती.

अडचण जमिनीखाली होती. धुळे जिल्ह्याच्या पोटात काळ्या दगडाच्या उभ्या भिंती आहेत. आम्ही त्यांना डाइक म्हणतो. फार पूर्वी भेगांतून वर आलेला लाव्हा थिजून त्या झाल्या. काही ठिकाणी त्या माळावर डोकं काढतात, आणि गुराखी त्यांच्या सावलीला बसतात. जमिनीखालून उतरत येणारं पाणी अशा भिंतीला अडतं आणि तिथे साठतं. खैरपाड्याची एकुलती एक विहीर अशाच एका भिंतीच्या कुशीत होती, आणि शेठची जागाही भिंतीच्या त्याच बाजूला होती. तळं एकच होतं, फक्त ते कुणाला दिसत नव्हतं. वरून तीन नळ्यांनी शेठ ते पाणी ओढू लागले असते, तर मार्च उजाडताना गावाची विहीर आटली असती. कायदा अंतर मोजतो. भिंत त्याला दिसत नाही. ती दाखवायची की नाही, हे माझ्या एका अभिप्रायावर होतं.

म्हणूनच ती शाल मला शालीसारखी दिसेना.

शेवटच्या पाहणीसाठी मी खैरपाड्याला गेलो तेव्हा विहिरीवर बायका घागरी भरत होत्या. थंडीचे दिवस होते. वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या शेतात उभ्या होत्या. उखर्डू नाना हा गावातला मोठा माणूस. दरवेळी तो लांबूनच हात करून मला बोलवायचा, मायेने चहा द्यायचा. त्या दिवशी तो कठड्याशी उभा राहिला आणि मी जवळ जाईपर्यंत हलला नाही.

"तुमना सत्कार शे म्हने जयगावले," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"शेठना हातथून शे ना?" थोडा वेळ थांबून तो पुढे म्हणाला, "मंग आम्ही काय समजानं, साहेब?"

मला सांगता आलं असतं की अजून काहीच ठरलेलं नाही, की अभिप्राय मी जमिनीकडे पाहूनच लिहीन. मी नोंदवही उघडून तिच्यात पाहत राहिलो. लाजाळू माणसाचं मौन आणि अपराध्याचं मौन बाहेरून सारखंच दिसतं. नानाने ते हवं तसं वाचलं. त्या दिवशी मला कुणी चहा विचारला नाही.

सत्कार नाकारायचा, असं मी जीपमध्येच ठरवलं. दोन ओळींचं नम्र पत्र मनात तयारही झालं. पण शनिवारी मी पारोळ्याजवळच्या आमच्या गावी गेलो तेव्हा माय ओट्यावर बसून नव्या लुगड्याचा पदर शिवत होती, आणि शेजारच्या चार बाया तिच्याभोवती होत्या. संघाची माणसं गाडी घेऊन तिच्यापर्यंत येऊन गेली होती. त्यांनी नारळ आणि पत्रिका तिच्या हातात दिली होती. यंदा सत्कारमूर्तींच्या आयांनाही व्यासपीठावर बोलावून त्यांचा मान करायचा, असं संघाने ठरवलं होतं. भिकुबाईंनी, म्हणजे मायने, यायलाच हवं, असं त्यांनी सांगितलं होतं. मायने सगळ्या गल्लीला ते सांगून टाकलं होतं. तिच्या आवाजात इतक्या वर्षांत न ऐकलेला एक हलका सूर होता.

मी तिला काहीच सांगितलं नाही. रात्री अंथरुणावर पडून मी एवढाच विचार केला की ही माणसं हुशार आहेत. माझ्या टेबलापर्यंत येण्याची वाट त्यांनी माझ्या घरातून काढली.

जळगावला आम्ही मेहरूणला मावशीकडे उतरलो. सुंदरबाई मावशी ही मायची धाकटी बहीण, बोलायला तिखट, मनाने भित्री. सभागृहात तीही आमच्यासोबत आली आणि मागच्या रांगेत बसली. मी व्यासपीठावर न्यायाधीशांच्या शेजारी बसलो. समोरच्या चेहऱ्यांत मी प्रकाशचंदशेठ शोधत होतो. ते पहिल्या रांगेत होते. पांढरा सफारी घातलेले, हातांची घडी करून स्वस्थ बसलेले. त्यांनी माझ्याकडे पाहून मान लववली, अगदी किंचित. माझ्या मनाने त्या मान लववण्याचे दहा अर्थ लावले, आणि त्यातला एकही चांगला नव्हता.

माझ्याबद्दल बोलणाऱ्या प्राध्यापकांनी मला तहानलेल्या गावांचा दूत वगैरे म्हटलं. मी खाली पाहत राहिलो. केवलचंदशेठनी शाल पांघरली. ते खूप वृद्ध होते, त्यांचे हात थरथरत होते आणि त्यांना माझं नाव नीट आठवत नव्हतं. शेजारच्याने ते कानात सांगितलं. हेही ढोंगच असेल असं मला वाटलं.

मग आयांना बोलावलं. केवलचंदशेठच्या पत्नी प्रेमकुंवरबाई चांदीचं ताट घेऊन उभ्या होत्या. हळदकुंकू, नारळ, खण, सुपात तांदूळ. डॉक्टरांच्या आईची ओटी भरली, अभियंत्यांच्या आईची भरली. न्यायाधीशांच्या आई हयात नव्हत्या. त्यानंतर माय. तिने डोक्यावरून पदर ओढून घेतला होता आणि ती मान खाली घालून उभी होती. मला वाटलं, तिला नुसता नारळ देतील, हात जोडतील. आमच्याकडे विधवेला कुंकू लावत नाहीत आणि तिची ओटी भरत नाहीत. वडील गेल्यापासून गावातल्या लग्नांत, डोहाळजेवणांत, संक्रांतीच्या वाणात माय मागच्या भिंतीशी बसत आली होती. ताट तिच्यापर्यंत यायचं आणि तिच्यावरून पुढे जायचं. तिने कधी तक्रार केली नव्हती. पुढे जाणाऱ्या ताटाकडे ती पाहतही नसे.

प्रेमकुंवरबाईंनी करंगळीशेजारच्या बोटाने कुंकू घेतलं आणि मायच्या कपाळावर लावलं.

सभागृहात बायकांच्या बाजूने एक कुजबुज उठली, वाऱ्याने वाळकी पानं सरकावीत तशी, आणि विरली. माय क्षणभर अगदी निश्चल झाली. मग तिने सावकाश पदर पसरला. प्रेमकुंवरबाईंनी त्यात खण, नारळ आणि ओंजळीओंजळीने तांदूळ घातले. माय वाकून पाया पडू लागली, तर त्यांनीच तिला धरलं. माय वर पाहत होती तेव्हा तिचा चेहरा मला दिसला. तो मी पूर्वी पाहिलेला होता, पण फार लहानपणी.

त्यांना ठाऊक आहे, मला वाटलं. या घराने चौकशी केली आहे. सुकदेव पैशाला वश होणार नाही, शालीला होणार नाही, पण त्याची आई एका चिमूट कुंकवाला आसुसलेली आहे, हे त्यांनी शोधून काढलं आहे. हिच्या पदरात टाकलेलं आता मला परत कसं करता येणार?

मेहरूणला परतल्यावर मावशी मायला बरंच बोलली. लोक काय म्हणतील, तू हात का धरला नाहीस, भावजींना वर काय वाटलं असेल. मग आवाज खाली आणून ती मला म्हणाली की शेठने डाव साधला. मायने ओटी चौकटीपाशी ठेवली, हातपाय धुतले, पण तोंड धुतलं नाही. कुंकू तिच्या कपाळावर तसंच होतं.

सकाळी मी शालीची घडी केली आणि ती कापडी पिशवीत घातली. ओटीकडे माझा हात गेला, पण मायने ती उचलून मांडीवर घेतली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी एकटाच निघालो.

शेठचं घर बाजारपेठेच्या मागे होतं. केवलचंदशेठ गादीवर बसून पूजेनंतरचं दूध पीत होते. प्रकाशचंदशेठ दिसले नाहीत. मी पिशवी समोर ठेवली आणि वाटेत पुन्हा पुन्हा घोकलेलं वाक्य म्हणालो: माझा सत्कार तुम्ही कशासाठी केला ते मला समजतं, पण माझ्या विधवा आईला त्यात ओढायला नको होतं.

म्हाताऱ्या शेठनी कप खाली ठेवला. त्यांना बोलणं नीट कळलं नसावं असं वाटलं. पण आतल्या दारात प्रेमकुंवरबाई उभ्या होत्या, आणि त्यांना ते कळलं होतं.

"विधवा?" त्या म्हणाल्या.

त्या दाराचा आधार घेऊन तिथेच बसल्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा जाड भिंगांचा चष्मा त्यांनी काढला, पुसला, पुन्हा लावला. "पण त्यांच्या कपाळावर टिकली होती, बेटा. मी पाहिली. हिरवट काळी, बारीक." त्यांचा आवाज लहान झाला. "टिकली होती ना?"

तेव्हा मला उमगलं. मायच्या दोन भुवयांच्या मधोमध गोंदण आहे. आमच्याकडच्या तिच्या पिढीच्या सगळ्याच बायांना असतं. लहानपणीच गोंदणारीण येऊन ते टोचून जाते. कुंकू पुसलं जातं, गोंदण राहतं. वरून दिव्यांचा प्रकाश, पदराची सावली आणि ती भिंगं. प्रेमकुंवरबाईंनी एक टिकली पाहिली आणि तिच्यावर कुंकू लावलं. एवढंच घडलं होतं. रात्रभर मी जो डाव उलगडत बसलो होतो, तो तिथे नव्हताच.

त्या रडत नव्हत्या, पण त्यांचे ओठ हलत होते. भरसभेत एका बाईचं दुःख उघडं केलं, असं त्या म्हणत राहिल्या. मला घेऊन चल, मला त्यांची माफी मागायची आहे. ज्या संशयाची मला खात्री होती तो असा डोळ्यांसमोर वितळताना पाहून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मला माझीच लाज वाटली. मी विचारून येतो एवढं म्हणून मी उठलो. केवलचंदशेठनी पिशवी माझ्याकडे सरकवली.

"शाल कॉलेजची आहे, पाटील," ते म्हणाले. "ती मला कशी परत घेता येईल?"

पिशवी घेऊन मी पायऱ्या उतरलो. खाली प्रकाशचंदशेठ गाडीपाशी उभे होते. त्यांनी अगत्याने विचारलं, धुळ्याला गाडीने सोडायला सांगू का. आईची तब्येत विचारली. कार्यक्रम छान झाला म्हणाले. मी नको म्हणून पुढे सरलो तेव्हा ते माझ्या सोबत चार पावलं आले आणि मंद आवाजात, जवळजवळ प्रेमाने म्हणाले, "संघात तुमचं नाव मीच सुचवलं होतं बरं का. भाऊंना काय, त्यांना कुणीही चाललं असतं. खैरपाड्याचं तेवढं लक्षात असू द्या."

तर तेही खरं होतं. एकाच घरात ते दोन्ही खरं होतं. वरच्या मजल्यावर एक म्हातारी चुकून घडलेल्या मायेने हादरून बसली होती, आणि खाली तिचा दीर हिशेब मांडून उभा होता. मी कुणाबद्दल काय मानायचं? मेहरूणपर्यंत मी चालतच आलो. तलावावर धुकं होतं आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता.

घरात गुळाचा वास येत होता. माय चुलीपाशी बसून जेवत होती. ओटीचे तांदूळ तिने धुऊन गूळ घालून शिजवले होते; ओटी ज्या बाईची भरली, ते तांदूळ तिनेच खायचे असतात. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, गोंदणाचंसुद्धा. प्रेमकुंवरबाई माफी मागायला येऊ पाहतात, हेही सांगितलं. तिचा घास थांबेल असं मला वाटलं होतं. तो थांबला नाही.

"माले तव्हाच समजनं," ती म्हणाली. "तिना हात कपायले लागना ना, तव्हाच. ती चुकनी हाई माले समजनं."

मग तू तिचा हात का धरला नाहीस, असं मी विचारलं. मावशीचाच प्रश्न माझ्या तोंडून येत होता.

"धरती तं चार लोकेस्मा तिले लाज वाटती." मायने ताटातले दाणे बोटांनी गोळा केले. "आनि खरं सांगू, भाऊ? माले धरानाच नही व्हता."

मग मी तिला खैरपाड्याचं सांगितलं. ती विहीर, माळ, जमिनीखालची काळी भिंत, आणि गाडीपाशी म्हटलेलं प्रकाशचंदशेठचं वाक्य. मी बोर नाकारला तर त्याच घराचं नुकसान होईल, असंही म्हणालो. मला तिची परवानगी हवी होती की मनाई, हे आजही नेमकं सांगता येणार नाही. कदाचित तिने मला अडवावं आणि मग तो दोष माझा राहू नये, असंही कुठेतरी वाटलं असेल.

माय उठली. ताट धुऊन तिने पालथं घातलं.

"वटी तिनी मनी भरी," ती म्हणाली. "तुनी नही भरी. तू तुनं लिख."

आणि थोड्या वेळाने, मावशीला ऐकू जाणार नाही अशा बेताने, "तिले सांग, माफी मांगाले येऊ नको. मी तांदूय खाई टाकात."

सोमवारी मी अभिप्राय लिहिला. डाइकची दिशा, पाण्याचा उतार, विहिरीचा आणि माळाचा एकच साठा. शेवटी लिहिलं, तिन्ही कूपनलिकांना परवानगी देऊ नये. वरिष्ठांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, आणि सही केली. पुढे काही दिवस मी बदलीच्या आदेशाची, फोनची, एखाद्या निनावी तक्रारीची वाट पाहिली. काही आलं नाही. उन्हाळ्याआधी अर्ज नामंजूर झाल्याचं कळलं. प्रकाशचंदशेठ गप्प का बसले, याचा विचार मी अजूनही अधूनमधून करतो. वरच्या मजल्यावरून कुणी काही बोललं असेल का? की ते नुसते दुसरीकडे जमीन पाहत असतील? मला ठाऊक नाही, आणि विचारायला मी गेलो नाही.

निर्णय गावाला स्वतः सांगावा म्हणून मी खैरपाड्याला गेलो. उन्हं कडक झाली होती. उखर्डू नाना आणि आणखी चार जण निंबाखाली बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. मला वाटलं होतं, कुणी उठेल, हात धरेल, चहाचं आधण ठेवायला सांगेल. ते ऐकत राहिले.

"आनि शाल कोठे शे?" नानाने विचारलं.

"घरी आहे," मी म्हणालो. ती कॉलेजची होती आणि परत घेतली गेली नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण ते मला स्वतःलाच खोटं वाटू लागलं. मी थांबलो.

नानाने बाकीच्यांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कडवटपणाही नव्हता. शेतकरी ढगाकडे पाहतो तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "आम्ही देखसूत."

तो उठला आणि विहिरीकडे चालू लागला. एका सुताच्या दोरीला दगड बांधलेला होता आणि तिला अंतराअंतरावर लाल चिंध्यांच्या गाठी मारल्या होत्या. कारखान्याचा अर्ज आल्यापासून गाव रोज स्वतःच पाणी मोजत होतं, असं मला मागून कळलं. सरकारी कागदावर आता त्यांचा भरवसा उरला नव्हता. मी कठड्याशी उभा राहिलो. नानाने दोरी सोडली. दगड पाण्याला लागल्याचा बारीक आवाज झाला. त्याने ओली गाठ बोटांत धरून पाहिली, मनाशी काहीतरी नोंदलं आणि दोरी गुंडाळली.

पाणी किती आहे, ते त्याने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.